शिरीषापासून दोन चौक सरोवराकडे

माझा मेंदू ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे काही कानावर येईल, त्यावरून कुणी भलते तर्क काढायला नकोत.

मानाग्वाच्या ज्या भागात मी राहतो तिथे माझ्या स्मरणशक्तीला सार्वजनिक मालमत्तेचा दर्जा आहे. इतर शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या असतात म्हणे. आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, आणि रस्त्यांना जी नावं आहेत ती ज्यांनी ठेवली त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. आमच्याकडे मी आहे. टॅक्सीवाले, पार्सलवाले, लग्नाची आमंत्रणं वाटत फिरणारे, सगळे फाटकाशी थांबून हाक मारतात, "प्रोफे, लुसेरो थिएटर होतं तिथून दीड चौक खाली कोण राहतं हो?" मी झुलत्या खुर्चीतून न उठता सांगतो. उभी हयात शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मला सगळे प्रोफे म्हणतात. एवेनोर हे नाव घरात फक्त बायको वापरते, तेही चुकलं असेल तरच. म्हणजे रोज.

अशा माणसाचा चष्मा एके सकाळी फ्रीजमध्ये सापडला. गायोपिंतोच्या पातेल्यात, भात आणि राजम्याच्या मधोमध. यात विशेष काही नव्हतं. रात्रीचा गायोपिंतो उरलाय का ते बघायला मी वाकलो असणार, चष्मा घसरला असणार, आणि वाकलेल्या माणसाला उरलेल्या अन्नापुढे चष्म्याची आठवण राहत नाही. पण तो सापडला माझ्या मुलीला. इवानिया विमा कंपनीत आहे आणि तिथली माणसं प्रत्येक वस्तूत पुढचा अपघात बघतात. तिनं चष्मा धुतला, पुसला, माझ्यासमोर ठेवला आणि अगदी सहज म्हणाली, "पपा, पहिल्या तारखेपासून शाळेच्या व्हॅनमध्ये एक जागा रिकामी होतेय."

माझा घास तोंडातच राहिला. जावई कामासाठी कोस्टारिकात असतो, इवानिया दिवसभर ऑफिसात, त्यामुळे माझ्या नातीला, सेलेस्तेला, दुपारी शाळेतून घरी आणणं हे माझं काम. चालत. निवृत्त माणसाकडे पेन्शन असते, खुर्ची असते, आणि त्यापलीकडे काही नसलं तर घरातले हळूहळू त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलायला लागतात. माझ्याकडे त्यापलीकडचं काहीतरी होतं. भर दुपारी शाळेच्या फाटकातून बाहेर येऊन माझ्या हातात शिरणारा एक घामट, शाईनं बरबटलेला हात होता. तो मी व्हॅनवाल्याला देणार नव्हतो.

"माझा मेंदू तुझ्यापेक्षा तरुण आहे," मी म्हणालो.

"तुझा मेंदू आहे तिथेच आहे, एवेनोर," आउरा, माझी बायको, चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "प्रश्न चष्म्याचा आहे."

योगायोग असा, की त्याच रविवारी चर्चच्या सभागृहात 'मेंदूचं आरोग्य' या विषयावर व्याख्यान होतं. वस्तीतल्या आरोग्य केंद्रात अर्जेंटिनाहून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या, डॉ. रोमिना. बाई फार छान बोलल्या. मेंदू म्हणजे दगड नव्हे, म्हणाल्या. कुठल्याही वयात तो नव्या वाटा पाडतो. नवीन काही शिकलं, नेहमीचं काम दुसऱ्या हातानं केलं, नेहमीचा रस्ता सोडून नवा धरला, की आत नवी जोडणी होते. मी तर भारावूनच गेलो. शेवटचा पाऊण तास त्या कशावर बोलल्या ते मात्र मला नीटसं सांगता येणार नाही, कारण जेवण नुकतंच झालं होतं आणि मी बसलो होतो तिथे बरोबर वर पंखा होता. टाळ्या झाल्या तेव्हा मी सर्वांत जोरात वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी उजवा हात बंद केला.

डाव्या हातानं दात घासणं जमतं. डाव्या हातानं चमच्यानं सूप पिणं, शर्टाला धोका पत्करून, जमतं. डाव्या हातानं दाढी करणं हा मात्र वेगळा विषय आहे. तिसऱ्या दिवशी माझी मिशी एका बाजूला निम्मीच उरली. ती सारखी करायला गेलो तर दुसरी बाजू गेली. मग पुन्हा पहिली. शेवटी, तरुणपणापासून जपलेल्या माझ्या मिशीच्या जागी ओठावर मुंगी चढल्यासारखी एक रेघ तेवढी राहिली. आउरानं मला बघितलं, पदरासारखा अॅप्रन तोंडाला लावला आणि मागच्या अंगणात निघून गेली. ती तिथे बराच वेळ होती.

खरी फजिती झाली चर्चमध्ये. सवय अंगात मुरवायची तर सगळीकडे मुरवायला हवी, म्हणून मी क्रूसाची खूणही डाव्या हातानं केली. माझ्या मागच्या बाकावर डोन्या मेल्बा होती. डोन्या मेल्बा शनिवारी केळीच्या पानात उकडलेले मक्याचे नाकातामाल करून विकते आणि प्रत्येक पानासोबत एक बातमी फुकट देते. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की प्रोफेनं देव सोडला. दुसऱ्या दिवशी पाद्री स्वतः तीर्थाची बाटली घेऊन दारात.

"एवेनोर, मुला, काही त्रास आहे का?" माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेला तो माणूस मला विचारत होता.

"मेंदूचा व्यायाम करतोय, पाद्री."

त्यानं माझ्या ओठावरच्या रेघेकडे बघितलं, मग आउराकडे बघितलं, आणि माझ्यावर जरा जास्तच पाणी शिंपडलं.

एकदा मेंदूचा विषय फुटला म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा? आमच्याकडे संध्याकाळी सगळे खुर्च्या बाहेर काढून फुटपाथवर झुलत बसतात, आणि झुलणाऱ्या माणसाला सल्ला आपोआप सुचतो. झालंगेलं विसरून डोन्या मेल्बानं मला गारोबोचं सूप पाठवलं. गारोबो म्हणजे आमच्याकडचा झाडावरचा मोठा सरडा. मेलेला माणूस उठून बसतो म्हणतात त्या सुपानं. मी जिवंत असल्यामुळे असेल, मला फक्त ढेकर आले. शेजारचे डॉन फिलाडेल्फो मात्र मुळाशी गेले. ते जन्मभर बसची इंजिनं दुरुस्त करत होते.

"प्रोफे, तुम्ही दुपारी झोपता," ते आरोप केल्यासारखे म्हणाले.

"थोडा वेळ."

"तिथंच घोटाळा आहे! बंद इंजिन गंजतं. मेंदूही तसाच. चालू ठेवा, सतत चालू. मी बघा, सतरा वर्षांत दुपारी डोळा मिटला नाही."

त्यांना त्यांच्या नातवंडांची नावं आठवत नाहीत, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. पण एका तंत्रज्ञाचा सल्ला म्हणून मी तो शिरसावंद्य मानला. दुपारची झोप बंद. पहाटे कोंबड्याआधी उठून जगातल्या देशांच्या राजधान्या उलट्या क्रमानं म्हणणं सुरू. शिवाय सेलेस्तेच्या शाळेला रोज नव्या रस्त्यानं जाणं.

आता मानाग्वात नवा रस्ता म्हणजे काय, ते ज्यानं धरला त्यालाच कळतं. ओळखीचा रस्ता आमच्या पायांत असतो. अनोळखी रस्त्यावर माणसाला विचारावं लागतं, आणि मी विचारणार? या शहरात मला विचारतात! त्यामुळे मी कुणालाही न विचारता, मान ताठ ठेवून, दुसऱ्याच्या अंगणातल्या तीन कुत्र्यांची ओळख करून घेत, रोज शाळेत वेळेवर पोचत होतो. हे मी अभिमानानं सांगतो, कारण यापुढचं सांगताना अभिमान कमी पडणार आहे.

त्या गुरुवारी मी सरोवराच्या धक्क्याकडची एक गल्ली धरली होती. ऊन मी म्हणत होतं. मंगोलियाची राजधानी ओठांवर होती आणि बाहेर येत नव्हती. बसथांब्यावर आंब्याच्या सावलीत बाक होता. राजधानी आठवेपर्यंत टेकावं, एवढाच विचार.

डोळे उघडले तेव्हा समोर एक बाई कैरीला मीठ लावत होती आणि सावली बाकावरून सरकून रस्त्यावर गेली होती. मंगोलियाची राजधानी लख्ख आठवली. त्याच्याबरोबर बाकीचंही आठवलं.

मी धावलो. या वयात, डाव्या हातात टोपी धरून, मी मानाग्वाच्या भर दुपारी धावलो. शाळेचं फाटक बंद. त्याच्या आत सावलीत सिस्टर एदुविहेस खुर्चीवर बसल्या होत्या आणि शेजारी सेलेस्ते बर्फाचा लाल गोळा खात होती. तिच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता.

"मी सिस्टरना सांगितलं, पापितो येतोय," ती म्हणाली. "त्याचा मेंदूचा व्यायाम लांबला असेल."

सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं. त्यांनी इवानियाला फोन केलेला होता.

इवानिया संध्याकाळी ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ती माझ्याजवळ बसली, तिनं माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "पपा, तुम्ही केंद्रात जाऊन स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलं की सगळं ठीक आहे, तर व्हॅन नाही. नाहीतर सोमवारी पहिली तारीख आहे, तेव्हापासून व्हॅन." आणि मग, ज्यानं मला सगळ्यांत जास्त लागलं ते म्हणाली, "यात तुमचा काही दोष नाही." दोष नाही म्हणजे काय? आजपर्यंत माझे सगळे दोष माझेच होते!

शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मी आरोग्य केंद्रात गेलो. खिडकीत बसलेल्या मुलीपुढे नवा संगणक होता.

"पत्ता, प्रोफे?"

"लिही. मोठा शिरीष होता तिथून दोन चौक सरोवराकडे, एक चौक वर, हिरव्या फाटकाचं घर. फाटक आता निळं आहे."

"हे मावत नाही. त्याला रस्ता आणि घर नंबर हवाय."

"घराला नंबर नाही."

"मलाही माहितीय हो नाही ते. पण काही टाकल्याशिवाय हे पुढे सरकत नाही."

एव्हाना मागच्या रांगेला विषयाची गोडी लागली होती. "शिरीषापासून कशाला धरता? थिएटरपासून धरा, जवळ पडतं," एक गृहस्थ म्हणाले. "थिएटर जळलं त्याला जमाना झाला, आताच्या पोरांना काय कळणार?" एक बाई उसळली. "मग शिरीष काय उभा आहे?" "शिरीषाची गोष्ट वेगळी!" या शेवटच्या मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्या गडबडीत मुलीनं नंबराच्या जागी शून्य टाकलं. मी, शून्य नंबरच्या घराचा रहिवासी, आत गेलो.

डॉ. रोमिनांनी मला ओळखलं. "तुम्ही त्या रविवारी व्याख्यानाला अगदी पुढे बसला होतात," त्या म्हणाल्या, आणि काहीशा विचित्र हसल्या. मग प्रश्न सुरू झाले. आजची तारीख सांगितली. वार सांगितला, वर त्या दिवशीचा संतही सांगितला. "आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?" यावर मला हसू आलं. बहात्तर सालच्या भूकंपानंतर या शहरात मजल्याचं नाव कुणी सुखासुखी काढत नाही, हे मी त्यांना थोडक्यात समजावलं. त्यांनी काहीतरी लिहिलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते मी सरळ सांगितले, उलटे सांगितले आणि बरोबर मंगोलियाची राजधानीही जोडून दिली. त्यांनी पुन्हा लिहिलं.

"आता घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

मी पेन्सिल घेतली. डाव्या हातात, अर्थात. बाईंच्याच उपदेशाचं त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक! घड्याळ जे निघालं ते कुणी पायाखाली तुडवलेल्या मक्याच्या भाकरीसारखं, तोर्तियासारखं दिसत होतं. आकडे सगळे एका बाजूला, जणू दुसऱ्या बाजूला साप निघालाय. मी विजयी मुद्रेनं कागद पुढे केला. बाईंचा चेहरा मऊ झाला. डॉक्टरचा चेहरा मऊ होणं ही चांगली गोष्ट नसते.

"डॉन एवेनोर, तुम्ही राहता कुठे?"

मी पत्ता सांगितला.

"हा शिरीष कुठे आहे?"

"नाही आता. भूकंपात पडला."

"पण तुम्ही त्याच्यापासून मोजता."

"मग कशापासून मोजणार?"

"आणि एक चौक वर म्हणजे? टेकडीवर?"

"वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, डॉक्टर. खाली म्हणजे मावळतो ती."

"हिरवं फाटक निळं आहे."

"हो."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या की उद्या घरचं कुणीतरी सोबत आणाल का. उगाच घाबरू नका, म्हणाल्या. मला आयुष्यात प्रथमच कुणी उगाच घाबरू नका म्हटलं आणि मी घाबरलो.

घरी जाताना मी नेहमीचा रस्ता धरला. एक टॅक्सीवाला थांबला, "प्रोफे, जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून..." म्हणून विचारू लागला. मला उत्तर येत होतं. तरी मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाला विचार, बाबा." तो बघतच राहिला. रात्री आउरानं माझ्या ताटात न मागता तळलेलं चीज वाढलं. ती मला बरा नवरा समजत असल्याचं इतकं स्पष्ट चिन्ह गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, आणि मला ते गिळवेना.

शनिवारी इवानिया माझ्यासोबत आली. डॉक्टरांनी कालचं तोर्तिया तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते बघितलं आणि ओठ आवळले.

"हे बाबांनी काढलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"डाव्या हातानं," मी म्हणालो.

"काय?"

"डाव्या हातानं काढलंय. तुम्हीच सांगितलंत ना, दुसऱ्या हातानं करा म्हणून."

बाईंनी माझ्या ओठावरच्या रेघेकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर पडताना मला दिसत होती.

"आणि झोप?" त्यांनी विचारलं. "त्या रविवारी मी अर्ध्याहून जास्त वेळ झोपेवरच बोलले होते. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, झोप मोडली की लक्ष आणि आठवण दोन्ही घसरतात, तुमच्या वयाला दुपारची डुलकी अजिबात सोडू नका, असं चारदा सांगितलं. तुम्ही होतात ना?"

"होतो," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"बाई, ते पंधरा दिवस झोपलेले नाहीत," इवानिया म्हणाली. "दुपारी नाही, पहाटे नाही. सारखे राजधान्या म्हणत असतात."

डॉ. रोमिनांनी पुढे जे केलं ते अर्जेंटिनाच्या वैद्यकशास्त्रात बसतं की नाही मला माहीत नाही. त्यांनी तपासणीच्या पलंगाकडे बोट केलं. "झोपा."

"आत्ता? बाहेर रांग आहे!"

"रांग मी शेजारच्या खोलीत बघते. झोपा."

सार्वजनिक आरोग्य केंद्रात, बूट काढून, मुलीदेखत झोपण्याची पाळी एका निवृत्त भूगोल शिक्षकावर यावी, या विचारानं मला झोप लागणंच शक्य नव्हतं. माझं घोरणं खिडकीतल्या मुलीपर्यंत ऐकू गेलं, असं नंतर डोन्या मेल्बाकडून कळलं.

उठलो तेव्हा डोकं धुतल्यासारखं हलकं होतं. बाईंनी पेन्सिल माझ्या उजव्या हातात दिली. मी घड्याळ काढलं. नुसतं घड्याळ नाही, रोमन आकड्यांचं, आणि खाली घड्याळाच्या कंपनीचं नावही घालणार होतो, पण बाईंनी कागद काढून घेतला. एकेक प्रश्न होत गेला, मी उत्तर देत गेलो, आणि बाईंची मान खाली-वर होत गेली. इवानियाच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसत होतं. मग गाडी पुन्हा पत्त्यापाशी येऊन अडली.

"बाकी सगळं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण इथे माझी अडचण होते. ते पडलेल्या झाडापासून घर सांगतात. हे मी कसं मांडू?" त्या इवानियाकडे वळल्या. "तुमचा पत्ता काय?"

"मोठा शिरीष होता तिथून दोन चौक सरोवराकडे, एक चौक वर," इवानिया एका दमात म्हणाली.

बाईंनी उठून दार उघडलं आणि खिडकीतल्या मुलीला विचारलं, "मोठा शिरीष कुठे होता?" तिनं संगणकावरून नजर न काढता हात लांब केला. तिच्या मागे रांगेतल्या सगळ्यांचे हात त्याच दिशेला गेले.

दार लावून बाई परत बसल्या. "तुम्ही ते झाड पाहिलंय?" त्यांनी इवानियाला विचारलं.

"नाही. ते पडलं तेव्हा माझा जन्मही नव्हता."

"मग जागा कशी माहीत?"

इवानिया काहीतरी पटकन बोलणार होती. ती थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती बघत होती तो म्हातारा नव्हता, हे मला कळलं.

"पपा मला शाळेतून चालत आणायचे," ती म्हणाली. "त्या जागी आलं की थांबवायचे. मला मध्ये उभं करून विचारायचे, सरोवर कुठे? वर कुठे? मी चुकले की खांद्यांना धरून गोल फिरवायचे आणि पुन्हा विचारायचे. मला इतका कंटाळा यायचा! आणि झाड केवढं होतं ते सांगायचे. रोज सांगायचे. दरवेळी ते थोडं मोठं व्हायचं."

"वाढत होतं," मी म्हणालो.

"म्हणजे ते झाड तुमच्या डोक्यात वडिलांनी लावलं," डॉ. रोमिना म्हणाल्या. त्यांनी कालचं लिहिलेलं काहीतरी खोडलं, नवीन लिहिलं आणि चिठ्ठी इवानियाच्या हातात दिली. मला सगळे गुण मिळाले होते. मी मुद्दाम वाकून पाहिलं.

चिठ्ठी इवानियानं वाचलीही नाही. केंद्राबाहेर येऊन तिनं रस्त्याच्या कडेला उभ्यानंच फोन लावला. "सोमवारपासूनची ती जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, तक्रार काही नाही. आमच्याकडे न्यायला माणूस आहे." फोन पर्समध्ये टाकताना तिचे डोळे भरले होते, म्हणून ती लगेच रागावली. "बाकावर बसायचं नाही, पपा. कुठल्याही बाकावर. ऐकलंत?"

ऐकलं. त्या क्षणी तिनं मला मंगोलियाला चालत जायला सांगितलं असतं तरी मी निघालो असतो.

सोमवारी मी इतक्या लवकर शाळेत पोचलो की सिस्टर एदुविहेसनी मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. घंटा झाली, पोरं बाहेर आली, आणि तो घामट हात येऊन माझ्या हातात शिरला. आम्ही नेहमीच्या रस्त्यानं निघालो. कोपऱ्यावर टायर पंक्चरचं दुकान आहे. तिथे टायरांच्या ढिगापाशी मी थांबलो, सेलेस्तेला खांद्यांना धरून मध्ये उभं केलं.

"सरोवर कुठे?"

तिनं बोट दाखवलं. बरोबर.

"वर कुठे?"

तिनं विचार केला, चुकली, मी तिला फिरवलं, ती पुन्हा चुकली, आणि तिसऱ्यांदा बरोबर आली. पंक्चरवाला हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत होता. मग मी तिला सांगितलं की इथे एक शिरीष होता. बुंधा त्या दुकानाएवढा. फांद्या पार त्या विजेच्या तारांच्याही वर, आणि रस्त्याच्या पलीकडे त्या पिवळ्या भिंतीपर्यंत. खाली बैलगाड्या थांबायच्या, बाया फळं विकायच्या, आणि भर उन्हाळ्यातही तिथली जमीन पायाला गार लागायची.

सेलेस्ते मान मागे टाकून वर बघत राहिली. वर नुसतं पांढरं, रणरणतं आकाश होतं. तिनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. मग तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

"तूही काढ ना, पापितो," ती म्हणाली. "इथे ऊन नाहीये."

मी टोपी काढली.